राणीछाप रुपयाएवढं दार

परवा जिन्यात शेजारच्या विंगमधल्या एका तरुण गृहस्थांनी गाठलं. हातात नुकतंच ऑनलाइन मागवलेलं पक्ष्यांचं घर. लाल छप्पर, पांढऱ्या भिंती, त्यावर रंगवलेली वेल, पुढे लिंबाएवढं गोल भोक आणि भोकाखाली पक्ष्याने बसावं म्हणून एक दांडी. दिसायला अगदी देखणं.

"सर, हे कुठल्या बाजूला लावू?"

"कोणासाठी आणलंत?" मी विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? पक्ष्यांसाठी! सगळ्या पक्ष्यांना चालतं असं खोक्यावर लिहिलंय."

आता सवय जात नाही म्हणून म्हणा, मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही दुकानात जाऊन 'माणसांसाठी चप्पल द्या' असं म्हणालात." ते हसले, मीही हसलो. पण वर आल्यावर वाटलं, या माणसाला आपण टोमणा मारला खरा, पण चौदा वर्षांपूर्वी आपण काय वेगळं केलं होतं? तेव्हा आज ती गोष्ट सांगूनच टाकतो. आयुष्यभर मुलांच्या चुकांखाली तांबड्या शाईने रेघा मारल्या, एखादी स्वतःच्या चुकीखालीही मारलेली बरी.

मी 2009 साली निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळायला सुरुवात झाली. त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेचा पुढाकार होता, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांत भरभरून छापून येत होतं. वाचून मलाही उत्साह आला. फळांच्या खोक्याच्या फळ्या आणल्या, करवत घेतली आणि गॅलरीत बसून पेटी ठोकली. भोक किती मोठं पाडायचं हा प्रश्नच मला पडला नाही. पाहुण्याला अडचण नको, ऐसपैस असावं, असा विचार करून चांगलं अडीच इंचाचं पाडलं. वर एक दांडीही ठोकली, चिमणाबाईंना दारात बसून गप्पा मारायला!

2011 च्या मार्चमध्ये जोडी आली. काड्या, कापूस, हिच्या झाडूच्या काड्या, सगळं आत गेलं. एप्रिलमध्ये आतून चिवचिव ऐकू यायला लागली. आमची ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन दाराआड उभी राहून बघायची. गॅलरीत कपडे वाळत घालायचंही तिने बंद केलं होतं.

आणि एका सकाळी साळुंक्यांची जोडी आली. एक त्या दांडीवर बसली (मीच ठोकलेल्या!), दुसरी आत शिरली. चिमण्यांनी खूप आकांत केला. मी घरात वर्तमानपत्र वाचत होतो, मला वाटलं नेहमीचंच भांडण. ही बाहेर गेली तेव्हा फरशीवर तीन पिल्लं पडलेली होती. पिसं पुरती फुटलेली नव्हती. त्यांतलं एक थोडा वेळ चोच उघडत होतं, मग तेही थांबलं.

हिने ती कागदात घेऊन तुळशीच्या कुंडीत पुरली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "अहो, एवढं मोठं भोक कशाला पाडलंत?"

साळुंकीवर मी राग धरला नाही. तिलाही पोकळी हवी असते आणि शहरात तिलाही ती मिळत नाही. मी तिला दार उघडून दिलं, ती आत आली. चूक माझी होती आणि ती मिलिमीटरमध्ये मोजता येण्याजोगी होती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. पक्षीमित्रांना विचारलं, पुस्तकं चाळली, नातवाच्या मदतीने इंटरनेटवर शोधलं. जे समजलं ते असं: पेटी म्हणजे चार भिंती आणि छप्पर, तिच्यात फार काही नाही. खरं घर म्हणजे दार. दाराच्या मापावरून ठरतं की आत कोण राहणार आणि बाहेर कोण राहणार.

चिमणीला 32 मिलिमीटरचं गोल भोक पुरतं. ऐकायला इतकं कमी वाटतं की आमच्या सुतारानेही गिरमिट खाली ठेवून विचारलं, "सर, नक्की? ह्यातून उंदीर जाईल, पाखरू कसं जाईल?" तेव्हा हिने देवघरातून राणीछाप रुपया आणून त्याच्या हातावर ठेवला. तिच्या आईने दिलेला, चांदीचा, दर लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारा. मी पट्टीने मोजला होता, 30 मिलिमीटरच्या किंचित वर भरतो. "ह्याच्याहून एक रेघ मोठं," ही म्हणाली. सुताराला माप कळलं. चिमणी अंग चोरून त्यातून सहज आत जाते, साळुंकीची छाती अडते.

आता हे 32 मिलिमीटर काही सगळ्यांना लागू नाही. महाबळेश्वर, पाचगणीकडे घर असेल तर तिथे राखी वल्गुली दिसते. काळं डोकं, पांढरे गाल, पोटावर काळा पट्टा असलेला चिमणीहून लहान पक्षी. तिच्यासाठी 28 मिलिमीटर. म्हणजे वल्गुली आणि चिमणी यांच्या नशिबात अंतर किती? चार मिलिमीटर! 28 च्या दारातून चिमणी जाऊ शकत नाही, म्हणून वल्गुली सुखात राहते.

दयाळाचं गणित अवघड आहे. पहाटे गच्चीवरच्या तारेवर बसून सुरेल शीळ घालणारा हा काळापांढरा पक्षी पेटीत आनंदाने राहतो, पण त्याला दोन इंचांच्या आसपास दार लागतं आणि तेवढ्यातून साळुंकीही येऊ शकते. तिथे नुसत्या मापाने भांडण मिटत नाही, लक्ष ठेवावं लागतं. पिंगळ्याच्या युरोपातल्या चुलत भावासाठी तिकडे 70 मिलिमीटरचं भोक ठेवतात, आपल्या पिंगळ्याचं अंगही साधारण तेवढंच. गव्हाणी घुबडाला तर 13 सेंटिमीटरचा चौकोन आणि आत खोल, अंधारी जागा हवी. मलेशियात पामतेलाच्या मळ्यांमध्ये उंदीर खायला यावीत म्हणून या घुबडांसाठी खास पेट्या उभारतात. आपण मात्र घुबड दिसलं की दगड शोधतो. असो.

आणि काही पक्ष्यांना तुमची पेटी नकोच असते. बुलबुल झुडपात वाटीसारखं घरटं बांधतो. शिंपी पानं शिवतो. शिंजीर वेलीच्या टोकाला लोंबती पिशवी विणतो. त्यांना छपराखालचं बंद घर म्हणजे तुरुंग. त्यांच्यासाठी काही करायचंच असेल तर जास्वंदीची फांदी छाटायची थोडे दिवस थांबा, एवढंच. तेव्हा "सगळ्या पक्ष्यांना चालणारं घर" असं काही जगात नसतं. जे सगळ्यांना चालेल म्हणून विकलं जातं, ते बहुधा कोणालाच धड चालत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. लाकूड अर्धा-पाऊण इंच जाडीचं आणि न रंगवलेलं असावं, निदान आतून तरी. पत्रा आणि प्लास्टिक नको, आपल्या एप्रिलच्या उन्हात आत भट्टी होते. भोकापासून तळापर्यंत निदान पाच इंच खोली हवी, म्हणजे मांजराचा पंजा पोचत नाही आणि पिल्लं वेळेआधी बाहेर पडत नाहीत. आतली भिंत खरखरीत राहू द्या, पिल्लांना तिच्यावरूनच चढून यायचं असतं. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं, छप्पर पुढे आलेलं आणि उतरतं. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करा. पश्चिमेकडून दुपारचं ऊन येतं, नैर्ऋत्येकडून आपला पाऊस. पेटी दहाएक फुटांवर, हलणार नाही अशी घट्ट बसवा. आणि ती दांडी काढून टाका! चिमणीला तिची गरज नसते, ती थेट भोकाच्या कडेला नखं रोवते. दांडीचा उपयोग होतो तो साळुंकीला आणि कावळ्याला.

माझ्या लहानपणी यातलं काहीच कोणी करत नव्हतं, मग तेव्हा चिमण्या कशा राहिल्या, असा प्रश्न मला एका वाचकांनी मागे विचारला होता. बरोबर प्रश्न आहे. कोरेगाव तालुक्यातलं आमचं घर कौलारू. वळचणीला, वासा आणि भिंत यांच्यामध्ये बोटा-दोन बोटांची फट. देवळीच्या वर, तिरक्या टांगलेल्या तसबिरींच्या मागे, कुठे ना कुठे चिमणीचं बिऱ्हाड असायचंच. जेवताना ताटात काडी पडायची, आजोबा ती बाजूला ठेवून पुढचा घास घ्यायचे. चिमणी आरशावर चोच आपटून दमली की आई आरसा उलटा करून ठेवायची. घराची रचनाच अशी होती की फट चिमणीला पुरायची आणि साळुंकीला पुरायची नाही. माप घरानेच घेतलेलं होतं, म्हणून आपल्याला घ्यावं लागलं नाही. आता आपल्या भिंती गुळगुळीत, खिडक्यांना सरकत्या काचा, एसीच्या नळीभोवतीची फटसुद्धा सिमेंटने लिंपलेली. गोष्टीतल्या चिऊचं मेणाचं घर पावसातही टिकलं. खरी चिऊ बेघर झाली ती आपल्या पक्क्या घरांमुळे.

चिमण्या नामशेष झाल्या, असं मात्र म्हणू नये. 2020 साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात देशभरातली चिमण्यांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर असल्याचं दिसलं. घट दिसली ती मोठ्या शहरांत. मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या गेल्या असं आपण सगळे वर्षानुवर्षं म्हणत आलो (मीही वर्गात ठासून सांगितलं आहे), पण त्याला पुरेसा पुरावा नाही असंही त्या अहवालात आहे. दोष टॉवरवर ढकलणं सोपं होतं, कारण टॉवर दुसऱ्याचा असतो. घरातली फट मात्र आपणच बुजवलेली असते.

आता एक गंमत सांगतो, खरं म्हणजे गंमत नव्हे. आमची लेक अमेरिकेत ओहायोत असते. तिच्या घरामागे हिरवळ आहे, तिथे तिने निळ्या पक्ष्यासाठी, म्हणजे ब्लूबर्डसाठी पेटी लावली. तिथे या पक्ष्यासाठी लोक रस्त्याच्या कडेने पेट्यांच्या रांगाच्या रांगा लावतात. दार 38 मिलिमीटरचं. का, तर युरोपातून आलेली स्टर्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचीच नातलग, त्यातून आत शिरू शकत नाही. मी फोनवर म्हणालो, "वा, 38 म्हणजे चिमणीलाही जाता येईल की!" तर ती म्हणाली, "बाबा, तोच तर त्रास आहे. इथे चिमणी म्हणजे गुंड. ती ब्लूबर्डची अंडी फोडते, कधी घरट्यातल्या मादीलाच मारते. लोक तिची घरटी काढून टाकतात."

क्षणभर मला काही सुचेना. चिमणी तिकडची नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, 1850 च्या सुमारास, माणसांनीच ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नेऊन सोडली, आणि पुढे ती खंडभर पसरली. आपली साळुंकी अशीच 1862 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नेली, भाज्यांच्या मळ्यातले किडे खायला. आज तिथे ती पोपटांच्या ढोल्या बळकावते म्हणून तिला पिंजरे लावतात. म्हणजे माझ्या गॅलरीत जी बिचारी, ती लेकीच्या अंगणात गुंड. पक्षी तोच, स्वभाव तोच. जागा बदलली आणि ती बदलली कोणी, तर माणसाने.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, "मास्तर, मग तुम्ही कोण ठरवणारे, कोणी आत जायचं आणि कोणी नाही? निसर्गाला करू द्या त्याचं काम." मुद्दा वरवर मोठा उदात्त वाटतो. पण मला तो पटत नाही. ज्या दिवशी आपण ढोलीचं झाड तोडलं आणि वळचण बुजवली, त्या दिवशी आपण ठरवून मोकळे झालो. आता पेटी लावताना "मी काही ठरवत नाही" असं म्हणणं म्हणजे न वाचता पेपर तपासण्यासारखं आहे. गुण तर द्यावेच लागतात, मग निदान वाचून द्या. साळुंकीला घर द्यायचं असेल तर जरूर द्या, मोठ्या दाराची मोठी पेटी लांबच्या झाडावर लावा. पण जाणूनबुजून लावा. चिमणीच्या नावाने लावून साळुंकीच्या हवाली करू नका.

आता आमच्या सोसायटीचं. 2024 च्या चिमणी दिनाला एका हितचिंतकांनी तीस पेट्या भेट दिल्या. रंगीत, दोन इंची भोकाच्या, दांडीसकट. हार-नारळ झाले, फोटो झाले. मी सेक्रेटरींना बाजूला घेऊन अडचण सांगितली. ते म्हणाले, "सर, लोकांनी प्रेमाने दिल्या आहेत, कशाला खुसपट काढता?" मी उपाय सुचवला: पेटी बदलायची नाही, फक्त भोकावर 32 मिलिमीटर भोकाची लाकडी चकती दोन स्क्रूने बसवायची आणि दांडी कापायची. खर्च माझा. त्यावर "रंगसंगती बिघडेल" अशी हरकत आली! शेवटी ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या अकरा पेट्यांना मी आणि आमच्या सुताराने चकत्या बसवल्या. 2025 च्या उन्हाळ्यात त्यांतल्या चार पेट्यांमध्ये चिमण्यांनी पिल्लं काढली. उरलेल्या एकोणिसांपैकी काहींत साळुंक्या आल्या, बऱ्याच नुसत्याच टांगलेल्या आहेत.

पण माझं दुःख वेगळंच आहे. ज्या आठवड्यात त्या तीस पेट्या लागल्या, त्याच आठवड्यात पार्किंगवरच्या गुलमोहराची वाळलेली फांदी तोडली. तिच्यात तांबटाने स्वतःच्या चोचीने ढोली कोरली होती. तांबटाला सुतार लागत नाही, तो मऊ झालेलं वाळकं लाकूड शोधतो आणि आपल्या मापाचं दार आपणच पाडतो. त्याने सोडलेल्या ढोल्यांत पुढे दुसरे पक्षी संसार करतात. म्हणजे फुकटात मिळणारं, अचूक मापाचं, शंभर टक्के लाकडी घर आपण ट्रकमध्ये टाकून पाठवलं आणि त्याच दिवशी खाली उभं राहून रंगीत घरांचे फोटो काढले. फांदी गाड्यांवर पडेल ही भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण बुंध्याकडचा पाच-सहा फुटांचा खुंट ठेवता आला असता. मी ते वेळेवर बोललो नाही. चकत्यांच्या वादात गुंतलो होतो. ही दुसरी तांबडी रेघ.

तेव्हा माझं मत एवढंच. आधी आपल्या खिडकीबाहेर आठ-पंधरा दिवस नीट बघा, कोण येतं ते. मग त्याच्यासाठी, त्याच्या मापाचं दार पाडा. हिवाळ्यात पेटी लावा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तिची ओळख होते. हंगाम संपून पेटी रिकामी झाली की जुनं घरटं काढून ती साफ करा. खाली एखादी कुंडी औषध न फवारता राहू द्या, कारण चिमणी दाणे खात असली तरी पिल्लांना ती किडे-अळ्याच भरवते. नुसती पेटी म्हणजे स्वयंपाकघर नसलेलं घर. आणि वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर तिला हात लावू नका. एवढं जमणार नसेल तर पेटी लावूच नका. रिकामी भिंत पक्ष्याला फसवत नाही, चुकीचं दार फसवतं.

त्या तरुण गृहस्थांना मी काल घरी बोलावलं. चहा झाला. त्यांच्या लाल छपराच्या घराची दांडी मी कापून दिली, चकतीचं माप घेण्यासाठी हिने देवघरातून रुपया आणला. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आजोबा, ही राणी चिमणीची आहे का?"

मी म्हणालो, "हो, तशी समज."

तुमच्या गॅलरीत, गच्चीवर कोण येतं आणि त्याला कोणतं माप लागू पडलं, ते जरूर कळवा. आणि मापात चुकलात तर तेही. तेच जास्त उपयोगी पडतं.